हार मानण्याचा हक्क

शाळकरी मुलांच्या मार्शल आर्ट स्पर्धांची बातमी ठरलेल्या साच्यात येते. अमुक शाळेच्या विद्यार्थ्यांनी इतकी सुवर्ण, इतकी रौप्य, इतकी कांस्य पदके पटकावली. मुख्याध्यापकांचे प्रोत्साहन आणि प्रशिक्षकांचे मार्गदर्शन लाभले. वर गळ्यात पदके घातलेल्या मुलांचा फोटो. कराटे, तायक्वांदो, ज्युदो यांच्या वाट्याला आलेला हा साचा आता जिउ-जित्सूलाही लागू झाला आहे. बातमीमागची समजूत सरळ आहे. स्पर्धेत उतरवले की मूल कणखर होते आणि पदक हा त्याचा पुरावा. याच्या नेमकी उलटी समजूतही तितकीच पसरलेली आहे. हात पिरगाळण्याचा, गळा आवळण्याचा खेळ लहान लेकरांना शिकवायचाच कशाला?

दोन्ही समजुती उथळ आहेत. एक पदके मोजते, दुसरी डाव पाहून दचकते. त्या दोन-तीन मिनिटांत मुलाच्या हाती काय लागते याचा विचार कुणीच करत नाही.

या लेखाचे म्हणणे असे आहे. जिउ-जित्सूत लहान मुलाला मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळेवर हार मानण्याचा हक्क, आणि समोरच्याने हार मानताच पकड सोडण्याची सवय. ही गोष्ट डावांच्या यादीत सापडत नाही. स्पर्धेची मांडणी तिला जपते किंवा मारते. आज मुलांच्या बहुतेक स्पर्धा प्रौढांच्या स्पर्धांच्या नकला आहेत, म्हणून त्या तिला मारतात. स्पर्धा बंद करण्याची गरज नाही. ती वेगळ्या पद्धतीने मांडण्याची आहे. आणि त्यासाठी लागणारी समज कुस्तीच्या परंपरेत वाढलेल्या कोल्हापूरला बाहेरून आणावी लागणार नाही.

१. डाव वगळले म्हणून खेळ उभा राहिला

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून बाजूला काढले. यामुळे खेळ मवाळ झाला असे वरवर वाटते. प्रत्यक्षात उलटे घडले. उरलेले डाव आता रोज, पूर्ण ताकदीने, समोरच्याच्या खऱ्या विरोधाला तोंड देत खेळता येऊ लागले. कागदावर भयंकर असणाऱ्या शंभर डावांपेक्षा रोज घोटलेले दहा डाव अधिक कामाचे ठरले. याच कोदोकानात तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, कार्लोस ग्रेसी यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९२५ मध्ये रिओ दि जानेरोत ग्रेसी अकादमी सुरू झाली. आज जगभर मुले शिकतात ते ब्राझिलियन जिउ-जित्सू या धाग्यातून आले.

कुस्ती पाहत वाढलेल्या कोल्हापूरकराला हा खेळ समजायला वेळ लागत नाही. पट काढून खाली घेण्यापर्यंत तो ओळखीचाच आहे. फरक पडतो पाठ टेकल्यावर. आपल्याकडे दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल झाला. जिउ-जित्सूत निम्मा खेळ तिथून पुढे सुरू होतो. पाठीवर पडलेला खेळाडू पायांनी प्रतिस्पर्ध्याला अडवून धरतो, उलटवतो, हात किंवा मान पकडतो. खाली पाडल्याचे २ गुण, पायांचा अडसर ओलांडून बाजूला येण्याचे ३, वर स्वार होण्याचे किंवा पाठ ताब्यात घेण्याचे ४. मात्र समोरच्याने हार मानली तर गुण कितीही असोत, लढत संपली.

मुलांसाठी नियम आणखी आवळलेले आहेत. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत सोळा वर्षांखालच्यांना गुडघ्याचा लॉक, टाचेचा पीळ आणि मनगटाचा लॉक वर्ज्य आहे. उचलून आपटणे कुणालाच चालत नाही. बारा वर्षांपर्यंत समोरून मान काखेत आवळण्याचा डावही नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांची लढत २ मिनिटांची, सात ते नऊची ३, दहा ते पंधराची ४. सोळाव्या वर्षापूर्वी निळा पट्टा मिळत नाही आणि काळ्यासाठी किमान वय १९ आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा बांधून फोटो काढणाऱ्या वर्गांच्या काळात एवढा संयमही थोडा नाही.

तेव्हा ‘खेळच धोकादायक’ हा आक्षेप अर्धवट आहे. धोका आहे, म्हणूनच नियम आहेत. खरा प्रश्न त्या नियमांच्या पुढचा आहे.

२. थांबवण्याची सत्ता मुलाच्या हातात

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेचा थर असतो. भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षा तो नाजूक. कोपर उलटा ताणला गेला तर प्रौढाचा अस्थिबंध आधी दुखावेल, मुलाच्या बाबतीत इजा त्या कूर्चेला होऊ शकते. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणजे डाव लागणे आणि इजा होणे यांच्यात अगदी थोडा अवकाश असतो. हा सगळा खेळ त्या अवकाशात उभा आहे, आणि तो राखण्याचे साधन एकच आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थाप मारायची. टॅप. तोंडाने ‘थांब’ म्हटले तरी चालते. त्या क्षणी पकड सुटलीच पाहिजे.

याचे वेगळेपण नीट पाहायला हवे. कुस्तीत चीत झाल्याचा निर्णय पंच देतो. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ देते. मुष्टियुद्धात मोजणी करणारा पंच असतो. जिउ-जित्सूत नऊ वर्षांची मुलगी स्वतः ठरवते की आता पुरे, आणि तिच्या त्या शब्दाला समोरचा, पंच आणि आयोजक सगळे बांधलेले असतात. आपल्याकडे मुलाच्या ‘नको’ला घरात, वर्गात, नात्यागोत्यात किती किंमत असते हे वेगळे सांगायला नको. मावशीने पापा घेताना नको, पाहुण्यांपुढे कविता म्हणताना नको, ते ‘नको’ कौतुकाने हसून बाजूला सारले जाते. मॅट ही अशी दुर्मीळ जागा आहे जिथे मुलाचे ‘नको’ तत्काळ पाळले जाते.

या व्यवहाराची दुसरी बाजू त्याहून मोठी. ज्याच्या हातात पकड आहे त्या मुलाला त्या क्षणी सत्ता मिळालेली असते. दुसऱ्याचे शरीर त्याच्या ताब्यात असते. जिंकण्याच्या अगदी काठावर, रक्त तापलेले असताना, एका थापेसरशी ते सगळे सोडून द्यायचे असते. ताकद असताना थांबणे हा धडा मुलग्यांना आपल्या शिक्षणात क्वचितच मिळतो, आणि त्यांनाच त्याची सर्वाधिक गरज आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दुसऱ्याच्या हक्कांवर धडा असतो. इथे तो अंगात मुरतो, कारण आठवड्यातून अनेक वेळा तो दोन्ही बाजूंनी करावा लागतो: आज सोडणारा उद्या सुटणारा असतो.

हे सगळे एका अटीवर चालते. टॅप करणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. मॅटच्या कडेने ‘सोडू नको, टॅप करू नको’ अशी आरोळी आली, घरी जाताना गाडीत बाप गप्प बसला, वर्गाच्या ग्रुपवर फक्त विजेत्यांचे फोटो पडले, की मूल गणित शिकते. थाप मारली तर अपमान, नाही मारली तर कदाचित हात दुखेल. आठ-दहा वर्षांचे मूल अपमान टाळेल. तिथे खेळाचा कणा मोडला. पुढे मिळालेले सुवर्णपदक तो सांधत नाही.

३. मांडणी बदलली की खेळ बदलतो

‘नियम तेच, खेळ तोच, बाकी सजावट’ असे आयोजकांना वाटते. जपानच्या विद्यार्थ्यांचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो.

क्योतो इम्पीरियल विद्यापीठाने १९१४ मध्ये उच्च शाळा आणि तांत्रिक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी ज्युदोच्या स्पर्धा सुरू केल्या. कोसेन ज्युदो या नावाने ओळखली जाणारी ही परंपरा १९४० च्या दशकापर्यंत चालली. स्पर्धा सांघिक होती. जिंकायचे तर पूर्ण निर्णायक विजय हवा. गुणांची बारीक बेरीज नाही. जिंकणारा मॅटवरच राहून पुढच्याशी लढे, बरोबरी झाली की दोघेही बाहेर. विद्यार्थ्यांपाशी तयारीला दोन-तीनच वर्षे असत. उभ्याने फेकण्याचे कसब यायला त्याहून जास्त काळ लागतो, जमिनीवरची लढत लवकर हाताशी येते. परिणाम असा की या मुलांनी जमिनीवरचा खेळ अपार वाढवला. ओकायामाच्या उच्च शाळेशी जोडलेला, पायांच्या त्रिकोणात मान आणि हात अडकवण्याचा डाव या वातावरणात घडला. आज जिउ-जित्सूच्या प्रत्येक वर्गात तो शिकवला जातो. शिवाय, संघासाठी फक्त न हरता टिकून राहणाऱ्या खेळाडूलाही तिथे मान होता. आपल्यापेक्षा बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला बरोबरीत रोखणारा पोरगा संघ वाचवून परत येई.

एका स्पर्धेच्या रचनेने नवे डाव जन्माला घातले आणि ‘टिकून राहणे’ ही प्रतिष्ठेची गोष्ट केली. रचना इतके करू शकते, तर ती बिघडवूही शकते.

४. जपानने मुलांची राष्ट्रीय स्पर्धा का बंद केली

मार्च २०२२ मध्ये ऑल जपान ज्युदो फेडरेशनने प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा रद्द केली. त्या वेळी संघटनेच्या अध्यक्षपदी यासुहिरो यामाशिता होते, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे सुवर्णविजेते. स्पर्धेला घाबरणारा हा माणूस नव्हे. कारण दिले गेले ते ‘काहीही करून जिंकायचेच’ या वृत्तीचे. लहान मुलांना वजन घटवायला लावले जात होते, प्रशिक्षक मुलांवर ओरडत होते, पालक पंचांना शिव्या घालत होते. ज्या देशात हा खेळ जन्मला, त्याने मान्य केले की दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय विजेतेपद या वस्तूनेच मोठ्यांना बिघडवले.

या निर्णयामागे आणखी काळा इतिहास आहे. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. डोक्याच्या दुखापती हे प्रमुख कारण. यातले कितीतरी नवशिके होते आणि सरावात दगावले. पाठीवर पडायला अजून शिकलेलाच नाही अशा मुलाला पुन्हा पुन्हा आपटले गेले, थकल्यावरही थांबू दिले गेले नाही. याउलट फ्रान्सकडे पाहावे. तिथे ज्युदो करणाऱ्यांत लहान मुलांचा भरणा प्रचंड आहे, आणि १९५५ च्या कायद्याने पैसे घेऊन ज्युदो शिकवण्यासाठी सरकारी पदविका सक्तीची केली. खेळ तोच, डाव तेच. फरक शिकवणाऱ्याच्या तयारीत आणि त्याच्यावरच्या जबाबदारीत.

आपल्याकडे जिउ-जित्सू, कराटे किंवा तत्सम खेळ शिकवणाऱ्याला अशी सक्तीची सरकारी पदविका लागत नाही. त्यात संघटनांचा गुंता. कराटेच्या बाबतीत तर २०२० मध्ये जागतिक महासंघाने भारतीय संघटनेची संलग्नता तात्पुरती काढून घेतली होती. एका खेळाच्या दोन-तीन संघटना, प्रत्येकीची ‘राष्ट्रीय’ स्पर्धा, प्रत्येकीचे शुल्क. पालकाला यातले काही कळायला मार्ग नसतो. त्याला प्रमाणपत्र दिसते.

५. खासबागची शिकवण

इथे कोल्हापूरने स्वतःकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ मध्ये ते खुले झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींनी नंतरच्या काळात देशभर नाव काढले. १९५९ मध्ये पहिले हिंद केसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंद केसरी गणपतराव आंदळकर याच मातीत घडले.

मोठ्या जोडींची चर्चा खूप झाली. लहान मुलांच्या कुस्त्यांकडे कुणी फारसे पाहत नाही. गावच्या जत्रेत मैदान सुरू होते तेच पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. इनाम म्हणजे मूठभर रेवड्या, एखादा नारळ, थोडे पैसे. पण जोड कशी लागते ते पाहावे. जाणते वस्ताद आणि पंच दोन पोरांना शेजारी उभे करतात, उंची, मान, दंड, पोटऱ्या पाहतात, कुणाच्या तालमीत किती दिवस आहे ते विचारतात. जोड भारी वाटली तर बदलतात. लढत रेंगाळली तर बरोबरीत सोडवतात आणि दोघांच्याही हातावर खाऊ पडतो. हरलेल्या पोराला कुठल्याही तक्त्यात शून्य मिळत नाही. पुढच्या जत्रेत तो पुन्हा उभा असतो.

तालमीचा भूतकाळ सोन्याचा होता असे मुळीच नाही. मारहाण होती, शाळा सुटत होत्या, खुराकापायी घरे कर्जात जात होती, आणि मुलींना हौद्यात पाय ठेवायची सोय नव्हती. मुली आल्या त्या बहुतांशी मॅटबरोबर. कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या कुस्ती संकुलाने मुलींना राष्ट्रीय पातळीवर नेले. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदोत वाढली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात कांस्यपदक घेऊन आली. त्याच स्पर्धेत जिउ-जित्सूचा आशियाई खेळांत पहिल्यांदा समावेश झाला. मॅटवरचे नवे खेळ मुलींसाठी दार आहेत, ते बंद करण्याचा विचारही नको. जत्रेतून घ्यायची आहे ती एक गोष्ट: मुलांची जोड लावणारा माणूस मुलांना पाहत होता. आजच्या स्पर्धेत संगणकावरचा तक्ता जोड लावतो, आणि तक्त्याला मूल दिसत नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण इथे आणखी काही सांगते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सवयीच्या नसलेल्या मॅटवर ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशी या मल्लाशी दमवणारी लढत झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहायला सांगितले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका मोठ्याने घर गहाण टाकले म्हणून ते मॅटपर्यंत पोचले, आणि दुसरे मोठे जागेवर नव्हते म्हणून अंतिम लढत हुकली असावी. सव्वीस वर्षांच्या मुरलेल्या मल्लाला कडेला उभ्या माणसाची इतकी गरज होती. नऊ वर्षांच्या मुलाची किती असेल?

६. बाद पद्धतीचे गणित

आता हिशेब मांडू. एका गटात १६ मुले आहेत. बाद पद्धतीत एकूण १५ लढती होतात. पहिल्या फेरीनंतर ८ मुले घरी. म्हणजे निम्म्या मुलांनी प्रवेश शुल्क भरले, पहाटे उठून दुसऱ्या गावी प्रवास केला, तासन् तास वाट पाहिली, आणि त्यांना मिळाली एक लढत; डाव लवकर लागला तर अर्धे मिनिट. ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच आधी बाहेर पडतात.

हीच १६ मुले चार-चारच्या चार गटांत विभागली आणि गटातल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत लावली, तर २४ लढती होतात. प्रत्येकाला तीन. तीन मिनिटांच्या लढतीप्रमाणे ४५ ऐवजी ७२ मिनिटे लागतील. एका मॅटवर अर्ध्या तासाचाही फरक नाही. पहिली लढत हरलेले मूल दुसरीत काहीतरी सुधारू शकते. ते टॅप करते तेव्हा त्याला ठाऊक असते की दिवस संपलेला नाही. टॅपचा अपमान निम्मा इथेच विरतो. बाद पद्धतीत एका थापेची किंमत सगळी स्पर्धा असते. म्हणून मूल थाप मारत नाही.

वजनाचेही तसेच. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीपटू वजन उतरवण्याच्या धडपडीत मरण पावले, आणि तिथले नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅमसाठी विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी अपात्र ठरली, तेव्हा रात्रभर तिने काय काय केले हे साऱ्या देशाने वाचले. ते प्रौढ खेळाडूंचे जग. पण हे ऐकलेला प्रशिक्षक एखाद्या सातवीतल्या मुलाला दोन दिवस पाणी तोडायला सांगू शकतो, आणि पालक त्याला शिस्त समजतात. यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू स्पर्धांत पहिल्या लढतीच्या अगदी आधी, पोशाखासह वजन घेतले जाते. वजन घेतल्यावर पाणी पिऊन ताजेतवाने व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे उपाशी राहून फायदा होत नाही. आदल्या दिवशी वजन घेण्याची सोय मुलांच्या कुठल्याही स्पर्धेत असू नये.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप तालमीतून येईल. लवकर झुंजवले नाही तर पैलवान घडत नाही. खाशाबांनाही वडिलांनी लहानपणीच मातीत उतरवले होते. खरे आहे. मात्र त्यांना लहानपणी उतरवले ते हौद्यात, देशाच्या विजेतेपदासाठी नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्याच कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकला. २००९ मध्ये तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला तेव्हा पहिले वर्ष सर्वसाधारण शारीरिक तयारीत गेले आणि नंतर त्याने नेमबाजी निवडली. नॉर्वेत मुलांच्या क्रीडाहक्कांचे नियम १९८७ पासून आहेत: अकरा वर्षांखाली क्रमवारी नाही, तेरापर्यंत राष्ट्रीय विजेतेपद नाही. साधारण ५४ लाखांच्या त्या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके जिंकली. तिथे बर्फ आहे, पैसा आहे, हे मान्य. पण मुलांना उशिरा झुंजवल्याने देश मागे पडतो, हा दावा तरी त्यापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो गरजेतून येतो. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शेतमजुराच्या किंवा कारखान्यातल्या कामगाराच्या पोराला प्रमाणपत्र म्हणजे संधी आहे. ती हिरावू नये. पण चौथी-पाचवीतल्या मुलाचे प्रमाणपत्र या सवलतींसाठी उपयोगी पडत नाही, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचे कुठल्याच वयात पडत नाही. महाराष्ट्रात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा संशय खऱ्या खेळाडूंच्या वाट्यालाही आला. गरजू पालकाला खरी मदत हवी असेल तर आयोजकाने अर्जावरच लिहावे की आपली संघटना कुणाशी संलग्न आहे आणि या प्रमाणपत्राने काय मिळते, काय मिळत नाही.

तिसरा आक्षेप मानी माणसांचा. हार मानायला शिकवणे म्हणजे मुलाला पळपुटे करणे. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओ ग्रेसी आणि जपानचे मासाहिको किमुरा लढले. किमुरांनी हेलिओंचा हात पाठीमागे पिळला, हेलिओंनी टॅप केला नाही, आणि मोठा भाऊ कार्लोस यांनी कडेने लढत थांबवली. न झुकण्याची ही कथा मुलांना नेहमी सांगितली जाते. तिच्यातला भाऊ मात्र सांगताना गळतो. ज्याने हा खेळ घडवला त्या घरानेही मान्य केले की खेळाडू थांबत नसेल तर थांबवणे कडेच्या माणसाचे काम आहे. शिवाय हेलिओ तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि निर्णय त्यांचा होता. तो मुलावर लादता येत नाही. आणि शूर कोण? हात पुरता अडकल्यावर थाप मारून उठणारी, हस्तांदोलन करून दहा मिनिटांनी पुढच्या लढतीला उभी राहणारी मुलगी पळपुटी ठरते तरी कशी?

चौथा प्रश्न आक्षेप म्हणून क्वचितच मांडला जातो, पण पालकांच्या मनात असतो. इतक्या जवळच्या स्पर्शाच्या खेळात मुले सुरक्षित आहेत का? जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीपटू लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्यानंतर हा प्रश्न टाळणे कुणालाच शोभत नाही. २०१२ चा पोक्सो कायदा क्लबांना आणि स्पर्धांनाही लागू आहे. मुलींच्या गटाला महिला पंच व महिला वजन-अधिकारी, मुक्कामी स्पर्धेत वेगळी देखरेख, तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव मॅटशेजारी लावलेले. आणि इथेही टॅपचाच अर्थ पुढे येतो. ‘थांब’ म्हटल्यावर थांबतात, हा अनुभव ज्या मुलीने शेकडो वेळा घेतला आहे, ती थांबले नाही तर ते चूक आहे हे ओळखते. तिचे टॅप न जुमानणाऱ्या वर्गात ती ओळखही पुसली जाते.

८. कोल्हापूरने काय करावे

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘राज्य’ आणि ‘राष्ट्रीय’ ही नावे बंद व्हावीत. त्याऐवजी शहरातल्या आणि आसपासच्या क्लबांनी दोन-तीन महिन्यांतून एकदा एकत्र यावे. सकाळी मुले येतील, वजन होईल, आणि जोड लावायला संगणकासोबत दोन अनुभवी माणसे बसतील. त्यात तालमीतला एखादा जुना वस्ताद असेल तर उत्तमच, कारण पोर पाहून जोड ओळखण्याची नजर या शहरात अजून शिल्लक आहे. प्रत्येक मुलाला किमान तीन लढती मिळाव्यात. लॉक पूर्ण लागला की टॅपची वाट न पाहता पंचाने लढत थांबवावी आणि हा अधिकार वादातीत असावा. कडेने ‘टॅप करू नको’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला त्या दिवसापुरते बाहेर बसवावे. पालकांची जागा मॅटपासून दूर असावी. पकड उशिरा सोडणाऱ्या मुलाचा विजय रद्द व्हावा, मग तो क्लबचा कितीही लाडका असो. या नियमाला अपवाद केला तर बाकीचे सगळे नियम शोभेचे ठरतील.

शाळांची जबाबदारी वेगळी. मुख्याध्यापकांनी फलकावर पदकांची संख्या लिहिण्याआधी स्पर्धेची मांडणी कशी होती ते विचारावे. वृत्तपत्रांनी बातमीत सहभागी झालेल्या सगळ्यांची नावे छापावीत. पाच ओळी जास्त लागतील.

पालकांसाठी तर हे अधिक सोपे आहे. पुढच्या स्पर्धेचा अर्ज हातात येईल तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी आयोजकाला चार प्रश्न विचारा. माझ्या मुलाला किती लढती मिळतील? वजन कधी घेणार? लढत कोण थांबवणार, आणि त्याचे प्रशिक्षण कुठे झाले आहे? डॉक्टर मॅटजवळ असणार की फोनवर? उत्तरे मिळाली नाहीत तर त्या रविवारी मुलाला नेहमीच्या वर्गात सरावाला पाठवा.